आधी सांगा, कोणतं ग्राफीन?

ओळखीतले एक गृहस्थ आहेत. 2021 मध्ये त्यांनी मला एक संदेश पुढे ढकलला होता: कोविडच्या लशीत ग्राफीन ऑक्साइड मिसळलंय, ते विष आहे, खात्री नसेल तर दंडाला लोहचुंबक लावून बघा. परवा त्यांच्याकडूनच एक व्हिडिओ आला. त्यात काळसर षटकोनी जाळ्या रक्तातून तरंगत थेट कर्करोगाच्या पेशीपर्यंत जातात, तिथे औषध उतरवतात आणि बाकीच्या शरीराला धक्काही लागत नाही. या जाळ्याही ग्राफीनच्याच, म्हणजे कार्बनच्या एका अणूएवढ्या जाडीच्या थराच्या. दोन्ही संदेशांखाली जोडलेले हात तेच. मी त्यांना हसलो नाही, कारण यातलं पुष्कळ कळणारी माणसंही याच दोन काठांवरून एकमेकांवर दगड भिरकावताना दिसतात. एका काठावर ‘चमत्कारी पदार्थ’, दुसऱ्या काठावर ‘नवा ॲस्बेस्टॉस’ (फुप्फुसांत जाऊन कर्करोग करणारे खनिज तंतू). मधून काय वाहतंय, ते वाकून बघायला कुणी तयार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘ग्राफीन शरीराला चांगलं की वाईट’ हा प्रश्न ‘पांढरी पूड खावी की खाऊ नये’ या प्रश्नाइतकाच फोल आहे. मीठ पांढरं, साखर पांढरी, तुरटी पांढरी आणि सोमलही पांढराच. कोणती पूड, किती आणि कुठून आत जाणार, हे ठरल्याशिवाय हो म्हणणाराही चुकतो आणि नाही म्हणणाराही. दुसरं म्हणणं जरा कडू आहे. रक्तात सोडायचा आणि एकदा सोडला की परत बोलावता न येणारा औषधवाहक म्हणून ग्राफीनचा जो उदोउदो गेली पंधराहून अधिक वर्षं चाललाय, तो या पदार्थाच्या चुकीच्या गुणावर बेतलेला आहे. वैद्यकात ग्राफीनला जागा आहे, पण ती बहुधा दुसरीकडे आहे.

ही भुरळ पडली तरी कशी? पेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या थरांची चळत. 2004 मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोवोसेलोव यांनी साध्या चिकटपट्टीने त्या चळतीतला एक थर सोलून वेगळा काढला. सहा वर्षांत त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. जाडी एका अणूची, त्यामुळे सगळा पदार्थ म्हणजे नुसता पृष्ठभाग. हिशोबाने एका ग्रॅमला सुमारे 2630 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, म्हणजे टेनिसची दहा कोर्टं. औषधशास्त्रज्ञांच्या तोंडाला पाणी सुटलं ते इथे. कर्करोगावरची बरीच औषधं चपट्या वलयांची बनलेली असतात आणि ती ग्राफीनच्या षटकोनांवर पत्त्यावर पत्ता बसावा तशी बसतात. 2008 मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटाने पाण्यात जवळजवळ न विरघळणारं एक कर्करोगविरोधी औषध ग्राफीन ऑक्साइडच्या चिमुकल्या पापुद्र्यांवर चढवून विरघळवून दाखवलं. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचंच दुसरं औषध तर एका मिलिग्रॅम वाहकावर दोन मिलिग्रॅमहून जास्त बसल्याची नोंद आहे. मालापेक्षा गाडी हलकी! 2010 मध्ये चीनमधल्या एका गटाने उंदरांना हे पापुद्रे टोचून गाठीवर 808 नॅनोमीटरचा लेझर धरला, पापुद्रे तापले आणि गाठी जळून गेल्या. चित्रं खरोखरच बघण्यासारखी होती. पुढे शोधनिबंधांचा पूर आला. पण आजवर औषध वाहून नेणाऱ्या एकाही ग्राफीनला रुग्णांवर वापरण्याची मंजुरी मिळालेली नाही.

का नाही? ‘औषध कंपन्या दाबून टाकतात’ हे उत्तर सोपं आहे आणि म्हणूनच लोकप्रिय. खरं उत्तर नावापासून सुरू होतं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार दहा थरांपर्यंतच्या पदार्थाला ग्राफीनच्या कुटुंबात जागा मिळते. त्या कुटुंबात शुद्ध ग्राफीन आहे, ऑक्सिजनचे गट चिकटलेलं ग्राफीन ऑक्साइड आहे, त्यातला ऑक्सिजन पुन्हा काढून घेतलेलं ‘रिड्यूस्ड’ रूप आहे आणि ठिपक्यांसारखे अतिसूक्ष्म क्वांटम डॉटही आहेत. शुद्ध ग्राफीन पाण्याला हात लावू देत नाही, ग्राफीन ऑक्साइड पाण्यात मजेत मिसळतं. एक विजेचा उत्तम वाहक, दुसरं जवळजवळ रोधक. आडनाव एक, स्वभाव वेगळे. 2018 मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी साठ कंपन्यांचं ‘ग्राफीन’ तपासलं, तेव्हा बहुतेक नमुन्यांत खरं ग्राफीन दहा टक्क्यांहूनही कमी निघालं आणि निम्म्याहून जास्त तर एकातही नव्हतं. उरलेलं काय होतं? बारीक कुटलेलं ग्राफाइट. आता ‘ग्राफीन’ असं लिहिलेल्या अशा एखाद्या बाटलीतून उंदराला टोचलेल्या पदार्थाने अपाय झाला किंवा झाला नाही, यावरून ग्राफीनबद्दल काय कळलं? (या क्षेत्रातल्या फॅशनवर सर्वांत झणझणीत टीका 2020 मध्ये रसायनशास्त्रज्ञ मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी केली. जो तो ग्राफीनमध्ये काहीतरी मिसळून ‘गुण वाढले’ असं छापतो हे बघून त्यांनी त्यात पक्ष्यांची विष्ठा मिसळली. गुण वाढले! तो प्रयोग विद्युत-रसायनातला होता, औषधातला नव्हे. पण रोग तोच.)

एक दृश्य जवळून बघण्यासारखं आहे. काचेच्या कुपीत ग्राफीन ऑक्साइडचं पाण्यातलं पातळ द्रावण असतं. कोऱ्या चहासारखं तपकिरी, उजेडात धरलं तर पारदर्शक, महिनोन्महिने तसंच राहणारं. त्यात सलाइन ओता. पापुद्र्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युतभार मिठामुळे झाकला जातो, ते एकमेकांना चिकटू लागतात आणि बघता बघता तपकिरी रंग काळ्या गुठळ्यांत गोळा होऊन तळाशी बसतो. वर स्वच्छ पाणी. रक्त खारं असतं, हे सांगायला नको. म्हणूनच स्टॅनफर्डच्या गटाला पापुद्र्यांभोवती पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचे धागे विणावे लागले होते. म्हणजे ‘साधं’ ग्राफीन ऑक्साइड शिरेत जातच नाही. जाते ती त्याची कुठली तरी नटवलेली आवृत्ती. प्रत्येक प्रयोगशाळेची नटवण्याची रीत निराळी, म्हणून प्रत्येकीचा पदार्थही निराळा. आणि तरी वर्तमानपत्रात मथळा येतो तो ‘ग्राफीन’चाच.

चाचण्याही फसवतात. पेशी जिवंत आहेत की नाही हे बघायला एक पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. जांभळा जितका गडद, तितक्या पेशी जिवंत. गंमत अशी की ग्राफीन स्वतःच त्या रसायनाचा जांभळा रंग करू शकतं. पेशी मेल्या तरी ताटली जांभळी. उलट बाजूचा घोळही तितकाच खरा आहे. ग्राफीन ऑक्साइड बनवण्याची रूढ पद्धत 1958 ची. तिच्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट लागतं. नीट धुतलं नाही तर मँगनीज मागे उरतं आणि मँगनीजचा अपाय ग्राफीनच्या नावावर जमा होतो. म्हणजे ‘सुरक्षित’ म्हणणाऱ्यांच्या पुराव्यातही माती आणि ‘घातक’ म्हणणाऱ्यांच्याही.

नाव एक असलं तरी वागणं किती बदलतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण मला बनारस हिंदू विद्यापीठातल्या कामात दिसतं. तिथल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की ग्राफीन ऑक्साइडमुळे रक्तातल्या बिंबिका (गुठळी बांधणाऱ्या प्लेटलेट) खवळतात, आणि ते उंदरांच्या शिरेत टोचलं तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. इथे थांबलं की ‘घातक’ हा निकाल तयार. पण पुढच्याच वर्षी त्याच गटाने पापुद्र्यांवरचे ऑक्सिजनचे गट बदलून अमाइन (नायट्रोजनयुक्त) गट बसवले, पृष्ठभागाचा भार फिरवला आणि ते गुठळ्या करणं थांबलं. कार्बनचा सांगाडा तोच, फक्त अंगावरचा कपडा वेगळा. मग ‘ग्राफीनमुळे रक्त गोठतं’ हे वाक्य खरं की खोटं? दोन्ही. म्हणूनच ते वाक्य निरुपयोगी आहे.

आता उत्साही मंडळींचा सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ. ते म्हणतात, लिपोसोमचंही असंच होतं. मेदाचे हे सूक्ष्म फुगे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक बँगम यांना दिसले आणि त्यात डॉक्सोरुबिसिन भरलेलं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं ते 1995 मध्ये. तीस वर्षं लोकांनी हसून घेतलं. 2018 मध्ये मेदाच्याच कणांतून जनुकांना गप्प बसवणारं औषध आलं आणि त्यानंतर दोनच वर्षांत त्याच कुळातल्या कणांनी कोट्यवधी लोकांपर्यंत एमआरएनए लस पोचवली. मग ग्राफीनला इतक्या लवकर का मोडीत काढता?

मुद्दा खरा आहे आणि तो मला बराच काळ पटलाही होता. पण समांतर रेषा एका जागी तुटते. लिपोसोम बनतो तो मेदापासून. आपल्या पेशींची भिंत ज्या जातीच्या रेणूंनी बनते, त्याच जातीचे हे रेणू. औषध उतरवल्यावर फुग्याचं काय करायचं, हे शरीराला शिकवावं लागत नाही. त्या तीस वर्षांत उत्तर शोधलं जात होतं ते ‘हे चालतं का’ याचं. ‘हे जातं कुठे’ याचं उत्तर बऱ्याच अंशी हातात होतं. ग्राफीनच्या बाबतीत दोन्ही उत्तरं शोधायची आहेत, आणि दुसरं जास्त कठीण आहे.

शिवाय लिपोसोमचा खरा धडा वेगळाच आहे. डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला इजा करतं, म्हणून आयुष्यभरात ते किती द्यायचं याला मर्यादा घालावी लागते. लिपोसोममध्ये भरलेल्या औषधाचं मोठं यश म्हणजे हृदयाला होणारी ही इजा घटली. गाठीवर बाणासारखं नेम धरून जाणं हे ते यश नव्हे. रामबाण ही कल्पना आपल्याला इतकी आवडते की भाता बदलला की बाण लागेल असं वाटतं. 2016 मध्ये दहा वर्षांच्या प्राणिप्रयोगांचा एकत्रित हिशोब मांडला गेला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारा हिस्सा निघाला मध्यगा धरून 0.7 टक्का. हजारातले सात. बाकीचे बहुतांशी यकृत आणि प्लीहा गिळतात. या आकड्यावर रास्त आक्षेपही आहे: नुसतं औषध दिलं तरी गाठीत थोडंच पोचतं, आणि महत्त्व असतं ते किती गुण आणि किती अपाय याच्या गुणोत्तराला. मान्य. पण मग टेनिसची दहा कोर्टं कुठे गेली? गाडी वाटेतच अडकत असेल, तर गाडीत किती पोती मावतात याचं कौतुक किती करायचं? ग्राफीनची माल भरण्याची क्षमता ज्या अडचणीवर उतारा म्हणून विकली जाते, ती मुळात मुख्य अडचणच नव्हती.

आम्लतेचा दाखलाही असाच. गाठीभोवती सामू (pH) थोडा उतरलेला, म्हणजे आम्लता थोडी वाढलेली असते आणि तिथे औषध ग्राफीनवरून सुटतं, असं सांगतात. आलेखात फरक छान दिसावा म्हणून सामू 5 च्या आसपास धरलेला असतो. गाठीतल्या पेशींबाहेर तो बहुधा 6.5 ते 7 च्या दरम्यान राहतो. पेशीच्या आत गेल्यावर 5 भेटतो, हे खरं. पण आत जाण्यासाठी आधी पोचायला हवं, आणि आपण फिरून त्या हजारातल्या सातांपाशी येतो. लेझरने तापवण्याचं म्हणाल, तर तो प्रकाश शरीरात फार तर काही सेंटिमीटर शिरतो. सोन्याचं कवच असलेले कण याच कामासाठी 2019 मध्ये पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगाच्या 16 रुग्णांवर वापरले गेले, तेव्हा लेझरची तार गाठीपर्यंत आत घालावी लागली. सोनं तिथवर पोचलंय. ग्राफीनने सोन्यापेक्षा सरस असं काय करायचं, हे उंदरांवरच्या निबंधांत क्वचितच विचारलेलं असतं.

दुसऱ्या काठावरच्यांचाही मुद्दा हलका नाही. 2008 मध्ये दिसून आलं की लांब, ताठ कार्बन नळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या तर ॲस्बेस्टॉससारखाच दाह होतो. कार्बनचीच दुसरी घडी असं वागत असेल, तर ग्राफीनवर विश्वास का ठेवायचा? आणि मेदाचे कण असताना ही जोखीम घ्यायचीच कशाला? पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे. त्या प्रयोगात दोष कार्बनचा नव्हता, आकाराचा होता. भक्षक पेशीला अख्खी गिळता येणार नाही इतकी लांब सुई. आखूड किंवा गुंतवळ झालेल्या नळ्यांनी तसा दाह केला नाही. ग्राफीन ऑक्साइडचा पातळ, वळणारा पापुद्रा ही सुई नव्हे. उंदरांत असे पातळ पापुद्रे लघवीवाटे बाहेर पडताना दिसले आहेत. आपल्याच पांढऱ्या पेशींतलं एक एन्झाइम त्यांना हळूहळू कुरतडतं, हेही दाखवलं गेलंय. प्लीहेत अडकलेले पापुद्रे नऊ महिन्यांत झिजत गेल्याचं उंदरांत दिसलं. म्हणजे ‘कार्बन कधीच जात नाही’ हे विधान टिकत नाही.

पण इथेच एक पेच आहे, आणि तो दोन्ही काठांना अडचणीचा म्हणून फारसा बोलला जात नाही. एन्झाइमने कुरतडायचं तर त्याला पापुद्र्याला भिडता यायला हवं. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून आपण पापुद्र्यावर जे धागे विणतो, तेच एन्झाइमची वाट अडवतात. प्रयोगांत साधं ग्राफीन ऑक्साइड झिजलं. पॉलिएथिलीन ग्लायकॉल लावलेलं झिजेना, शेवटी तुटू शकणाऱ्या जोडाने ते धागे बांधावे लागले. जे रक्तात टिकतं ते शरीरातून जात नाही, जे जातं ते रक्तात टिकत नाही. ही गाठ सुटणार नाही असं मी म्हणत नाही. पण ‘जैवविघटनशील’ हा शब्द साध्या पदार्थाच्या प्रयोगातून उचलायचा आणि नटवलेल्या पदार्थाच्या जाहिरातीत चिकटवायचा, याला माझ्या मते सरळ सरळ हातचलाखी म्हणतात.

ही किरकिर वाटत असेल, तर थोरोट्रास्टची हकिकत आठवावी. 1930 च्या सुमारास क्ष-किरण चित्रांसाठी थोरियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचं एक द्रावण वापरात आलं. आजच्या भाषेत ते नॅनोकणच. चित्रं अप्रतिम यायची, रक्तवाहिन्या रेखल्यासारख्या उठून दिसायच्या. त्या काळातली इतर द्रव्यं टोचली की रुग्ण तळमळायचे. थोरोट्रास्ट टोचलेला रुग्ण शांतपणे घरी जायचा. तातडीचा अपाय जवळजवळ नाही. आजच्या एखाद्या निबंधाचा समारोप डोळ्यांपुढे येतो की नाही: ‘उत्तम सहनशीलता दिसून आली’? ते कण मात्र यकृत आणि प्लीहेत जाऊन बसले आणि तिथून हलले नाहीत. वीस-तीस वर्षांनी त्या रुग्णांत यकृताचे कर्करोग दिसू लागले. थोरियम किरणोत्सारी आहे, कार्बन नाही, त्यामुळे ग्राफीनचं तसंच होईल असं म्हणणं हा अपप्रचार ठरेल. मला दाखवायचंय ते घड्याळ. कण बसले ते यकृतात आणि प्लीहेतच, म्हणजे नॅनोकण आजही जिथे जाऊन बसतात तिथेच. आणि निकाल लागला तो वीस वर्षांनी. उंदीर जगतो दोन-तीन वर्षं. नऊ महिन्यांचा प्रयोग उंदराच्या दृष्टीने दीर्घ आहे, पण ज्या तरुण रुग्णाला आपण कर्करोगातून बरं करून पुढची चाळीस वर्षं देऊ म्हणतो, त्याच्या दृष्टीने?

माणसांवरचा पुरावा अगदीच नाही असं नाही. 2024 च्या सुरुवातीला एडिनबरा आणि मँचेस्टरच्या संशोधकांनी 14 निरोगी स्वयंसेवकांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. खास बनवलेल्या, इकडून तिकडे नेता येणाऱ्या कक्षात, तोंडावर मुखवटा, मधून मधून सायकल मारत या मंडळींनी दोन तास ग्राफीन ऑक्साइडचे अतिशुद्ध, पातळ पापुद्रे मिसळलेली हवा श्वासात घेतली. कधी साधी गाळलेली हवा, कधी एका मापाचे पापुद्रे, कधी दुसऱ्या. हृदयाचे ठोके, रक्तदाब, फुप्फुसांची क्षमता, दाहाच्या खुणा, कशातही बिघाड नाही. एवढं वाचून एका काठाने ‘माणसात सुरक्षित ठरलं’ असं जाहीर केलं. त्याच निबंधात आणखी एक ओळ आहे: शरीराबाहेर, दुखावलेल्या धमनीच्या प्रतिकृतीत या लोकांच्या रक्तातली गुठळी किंचित जास्त वाढली. दुसऱ्या काठाला ही ओळ सापडली तर ती ‘रक्त गोठवणारं विष’ होऊन फिरेल. प्रयोग करणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या. पदार्थ किती शुद्ध, किती पातळ, किती रुंद, हवेतलं प्रमाण किती, हेही सांगितलं. कामाची पद्धत म्हणून मला हा प्रयोग आदर्श वाटतो, आणि नेमका त्यामुळेच त्याचा निष्कर्ष छोटा आहे: अमुक पदार्थ, श्वासावाटे, दोन तास, निरोगी तरुण, तातडीचा अपाय नाही. शिरेतून टोचण्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही.

तिसरा एक सूर आहे, तो सभ्य आहे म्हणून जास्त धोकादायक वाटतो. ‘आधीच अफवा फिरताहेत, त्यात धोक्यांची चर्चा उघड करून तेल कशाला ओतता?’ लशीबद्दलच्या अफवेचा एक धागा कुठून आला, ते बघण्यासारखं आहे. लशीतल्या प्रथिनाची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना नमुना धरायच्या जाळीवर ग्राफीन ऑक्साइडचा थर दिला होता. प्रयोगशाळेतली ही नोंद एका कागदपत्रात होती. फोटो काढायला वापरलेली तिवई फोटोतल्या माणसाच्या पोटात गेली, असं म्हणण्याचा तो प्रकार. पण ‘ग्राफीनचा काहीही संबंध नाही’ असं ठासून सांगितलेल्या लोकांना जेव्हा तो कागद दिसला, तेव्हा त्यांना तिवई दिसली नाही, लपवाछपवी दिसली. अफवेला खतपाणी अर्धवट खऱ्या खुलाशाने मिळतं. पहिल्याच दिवशी ‘हो, तपासणीच्या जाळीवर वापरलंय, कुपीत नाही, आणि यासाठी’ असं सांगितलं असतं तर अफवा मेली असती असा माझा दावा नाही. निदान तिच्या हातात कागद मिळाला नसता.

मग ग्राफीनने वैद्यकात करायचं काय? जिथे त्याच्यासारखं दुसरं कुणी नाही आणि जिथून ते परत काढून घेता येतं, तिथे काम करायचं. 2024 मध्येच मँचेस्टर परिसरातल्या एका रुग्णालयात मेंदूतल्या गाठीची शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या मेंदूवर ग्राफीनचे इलेक्ट्रोड पहिल्यांदा ठेवले गेले. निरोगी भाग आणि गाठ यांच्यातली सीमा विजेच्या संकेतांवरून ओळखायची होती. मेंदू मऊ आणि सतत हलणारा. धातूचा इलेक्ट्रोड त्यापुढे ताठ आणि जाड. ग्राफीनचा थर मेंदूच्या घड्यांवर अंग टेकून बसतो, वीज नेतो, गंजत नाही आणि धातूला न ऐकू येणारे अतिशय मंद संकेतही टिपू शकतो. इथे त्याचं पातळ असणं, लवचिक असणं आणि वाहक असणं, तिन्ही एकदम कामी येतं. आणि काम झालं की डॉक्टर तो चिमट्याने उचलून बाजूला ठेवतात. शरीराबाहेरचे संवेदक, रक्ताच्या थेंबातला एखादा रेणू ओळखणाऱ्या पट्ट्या, हेही याच जातीचं काम. यात यकृत, प्लीहा आणि चाळीस वर्षांचं घड्याळ मधे येत नाही. डॉक्सोरुबिसिन वाहून नेताना मात्र ग्राफीनचा कोणता गुण असा आहे, की जो मेदाच्या फुग्याला पुरवता येत नाही? मला सापडलेला एकमेव गुण म्हणजे निबंधाच्या शीर्षकात तो जास्त शोभतो.

शिरेतून द्यायच्या ग्राफीनवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. बंदीने पेच सुटत नाहीत; ज्यांना ते सोडवायचेत त्यांचे हात मात्र बांधले जातात. युरोपीय संघाने 2013 मध्ये ग्राफीनसाठी दहा वर्षांचा, एक अब्ज युरोंचा प्रकल्प उभा केला होता, आणि त्यात आरोग्यावरच्या परिणामांच्या तपासणीला जागा होती म्हणूनच एन्झाइमच्या कुरतडण्याबद्दल आज आपण इतकं बोलू शकतो. तशी जागा प्रत्येक अनुदानात हवी, आणि ती शेवटच्या पानावरच्या औपचारिक परिच्छेदापुरती नको. पैसे मागायला आलेल्या गटाला आधी विचारावं: थर किती, रुंदी किती, ऑक्सिजन किती, मँगनीज किती उरलंय, जिवाणूंच्या विषाचा अंश तपासलाय का? तुलना लिपोसोमशी केलीय की नुसत्या सलाइनशी? सलाइनशी तुलना केली की कुणीही जिंकतो. आणि धागे विणलेला तुमचा नेमका पदार्थ, कुणा दुसऱ्याचा नव्हे, उंदराच्या यकृतातून कधी गेला, हे दाखवणारा एक आलेख. हा आलेख काढायला दीड-दोन वर्षं लागतात आणि त्यातून चांगल्या नियतकालिकात निबंध छापून येईलच असं नाही. गाठ जळून गेलेल्या उंदराचा फोटो तीन आठवड्यांत मिळतो.